आदिसला उतरलात की आधी घड्याळाचं विचारा

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की आम्ही चार वर्षं इथिओपियात होतो, आमचे हे आदामाला एका कॉलेजात शिकवत होते, आणि झालं, या महिन्यात भाडेकरू, सोसायटीचं पार्किंग, सुनेचं नि माझं पटत नाही ही नेहमीची पत्रं कमी आणि इथिओपियाचीच जास्त. एवढी मराठी माणसं तिकडे जातायत याची मला कल्पनाच नव्हती. तर आजचा अख्खा कॉलम तिकडचाच. भाडेकरू पुढच्या महिन्यात.

प्रश्न : माझं वय ६२, ह्यांचं ६६, दोघंही रिटायर्ड शिक्षक. जावई आदिस अबाबाला नोकरीला आहे आणि ऑक्टोबरमध्ये आम्हाला बोलावतायत, तिकीट पण काढून टाकलंय. आजवरचा आमचा परदेश म्हणजे एकदा दुबई, ती पण टूरवाल्यांबरोबर. इथिओपिया म्हटलं की मला ते चौऱ्याऐंशी सालचे दुष्काळाचे फोटोच डोळ्यासमोर येतात. आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. ह्यांना बीपी आहे. लेक म्हणते काही आणू नका पण मी मेतकूट, भाजणी आणि दहा किलो तांदूळ बांधून ठेवलाय. जावयाला सुट्टी नाही मिळाली तर विमानतळातून आम्हाला आमचं आमचंच बाहेर पडावं लागेल, तर तिथं नेमकं काय काय होतं ते सांगाल का? (नाशिकहून एक काकू)

उत्तर : काकू, तो तांदूळ आधी बॅगेतून काढा. मेतकूट राहू दे, मेतकुटाला जगात पर्याय नाही, पण तांदूळ, डाळी सगळं तिथं मिळतं आणि मसूर, हरभरा, वाटाणा तर तिथल्या शेतातलीच पिकं आहेत. त्या दहा किलोत स्वेटर आणि शाली घाला. हसू नका, मी आफ्रिका म्हणून सगळ्या सुती साड्या घेऊन गेले होते आणि पहिल्या रात्री ह्यांचा स्वेटर, त्यावर माझी शाल, त्यावर विमानातून चुकून हातात आलेलं ब्लँकेट असं करून बसले होते. आदिस साधारण २,३०० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या देवळापाशी उभं राहून अजून साडेसहाशे मीटर वर चढा, तिथं हे शहर. दिवसा छान ऊन, संध्याकाळी गारठा. काकांचं बीपी आहे तर निघायच्या आधी डॉक्टरांना ही उंची सांगाच, आणि पोचल्यावर पहिले दोन दिवस लेक कितीही म्हणाली तरी फिरायला जाऊ नका. मला पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप लागली, मला वाटलं हृदयाचं काहीतरी झालं, शेजारीण म्हणाली सगळ्यांना होतं, पाणी प्या. पाण्याची पण गंमत आहे, नुसतं पाणी मागितलं तर काही ठिकाणी अंबो आणून ठेवतात, ते सोड्यासारखं गॅसवालं, तिथल्या झऱ्याचं. काकांना ठसका लागेल. साधी बाटली हवी असेल तर हायलँड म्हणा, तो कधीचा एक ब्रँड होता आणि आता बाटलीलाच तसं म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

आता लसीचं. पिवळ्या तापाची लस लागते आणि गंमत अशी की ती तिकडे जाण्यापेक्षा परत येताना आपल्याच सरकारला जास्त हवी असते. आपल्याकडे तो पसरवणारा डास आहे पण तो आजार नाही, म्हणून तो आजार असलेल्या देशांच्या यादीतल्या, म्हणजे इथिओपियासारख्या देशातून येणाऱ्याकडे लसीचं पिवळं कार्ड नसलं तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा शिक्का चालत नाही. पण काकू, इथं थांबा. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्याला क्वचित का होईना पण गंभीर त्रास होऊ शकतो, त्यामुळे तिकीट काढलंय म्हणून धावत जाऊन टोचून घेऊ नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला आणि ते नको म्हणाले तर पुढे काय करायचं ते त्या केंद्रातच विचारा. हे काम आजच्या आज करा.

विमानतळ. मुंबईहून साडेपाच-सहा तासांची फ्लाइट, तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. बोले विमानतळावर विमान थांबलं की निम्म्याहून जास्त माणसं एका बाजूला धावत सुटतात. त्यांच्या मागे जाऊ नका! ती सगळी पुढचं विमान पकडणारी असतात, नैरोबी, लागोस, वॉशिंग्टन. आम्ही त्यांच्याच मागे गेलो आणि वीस मिनिटं चालून परत सुरक्षा तपासणीच्या रांगेत, तिथल्या मुलीने बोर्डिंग पास मागितला तेव्हा कळलं की आपण चुकीच्या गर्दीत आहोत. तुम्ही इमिग्रेशनची पाटी शोधा. ई-व्हिसाची छापील प्रत, लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर, मोबाइलमध्ये नाही, कागदावर. मग बॅगा, मग बाहेर पडायच्या आधी बॅगा परत मशीनमधून जातात. काकांना पक्षी बघायचा नाद असेल तर दुर्बीण आणू नका, तिथं दुर्बीण बघितली की अडवतात, ड्रोनचं तर नावच नको. आणि शेवटचं, न्यायला येणारी माणसं आपल्याकडे कशी दारातच पाट्या घेऊन उभी असतात तसं आम्ही गेलो तेव्हा नव्हतं, सगळे खाली पार्किंगपाशी थांबायचे. दारात कोणी दिसलं नाही म्हणून रडकुंडीला येऊ नका, मी आले होते.

फॉर्मवरच्या नावांची एक गडबड होईल ती आत्ताच सांगून ठेवते. तिकडे आडनाव ही भानगडच नाही. माणसाचं नाव, त्यापुढे वडिलांचं, त्यापुढे आजोबांचं, संपलं. लग्न झालं म्हणून बाई नाव बदलत नाही. मी सिम कार्ड घ्यायला गेले तर काउंटरवरच्या पोराने माझ्या पासपोर्टवरचं मधलं नाव वाचलं, शेजारी उभ्या असलेल्या ह्यांचा पासपोर्ट वाचला, आणि मग फार अदबीने ह्यांना म्हणाला, तुमच्या मुलीची सही इथं लागेल. ह्यांनी तेव्हापासून केस काळे करायला सुरुवात केली.

आता तुमचा खरा प्रश्न, खायचं काय. काकू, शाकाहारी माणसासाठी आदिसइतकं सोपं शहर मी भारताबाहेर पाहिलेलं नाही. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास आपल्यापेक्षा कडक. दर बुधवार, दर शुक्रवार, ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस, असे मिळून साध्या माणसाचे वर्षात १८०च्या आसपास दिवस उपासाचे होतात. आणि उपास म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. साबुदाणा खिचडीची सोय नाही पण डाळ-भाजी चालते. हॉटेलात गेलात की एकच शब्द म्हणायचा, बेयायनेतू. मोठ्या परातीएवढा इंजेरा येतो आणि त्याच्यावर मसुराची तिखट आमटी, हळदीची पिवळी डाळ, कोबी-बटाटा, गोमेन म्हणजे पालेभाजी, बीटाची कोशिंबीर असे छोटे छोटे ढीग. इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण, तेफ नावाच्या राजगिऱ्याहून बारीक धान्याच्या पिठाला तीन दिवस आंबवून केलेला, वर जाळी पडलेली, मऊ, आंबट. पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल. चौथ्या दिवशी तुम्हीच मागाल.

आणि शिरो. ह्यांनी पहिल्यांदा खाल्ला आणि जेवता जेवता थांबलेच. मातीच्या काळ्या भांड्यात रटरट उकळत आणून ठेवतात, हरभऱ्याचं भाजलेलं पीठ, लसूण, कांदा, बेरबेरे नावाचा त्यांचा लाल मसाला. पिठलं हो! सहा तास विमानात बसून माणूस पिठल्यापाशी येऊन पोचतो. फक्त दोन सापळे आहेत. बोझेना शिरो म्हटलं की त्यात मांसाचे तुकडे असतात, तेव्हा नाव नीट ऐका. आणि बऱ्याच जणांच्या उपासाला मासा चालतो, त्यामुळे उपासाच्या मेनूत आसा दिसला तर तो मासा. सिगा अल्बेल्लाम, मी मांस खात नाही, एवढं वाक्य काकांना पाठ करायला लावा. एकाच ताटात सगळे उजव्या हाताने जेवतात, आणि यजमानीण स्वतःच्या हाताने घास करून तुमच्या तोंडात घालते, त्याला गुर्शा म्हणतात. मागे सरकू नका. लग्नात नाव घेऊन घास भरवलेले आहेत आपण, आपल्याला काय नवीन आहे.

शेजारणीने कॉफीला बोलावलं तर मात्र तासाभराची सवड ठेवून जा. बुना म्हणजे कॉफी, आणि ती तुमच्यासमोर शून्यातून होते. आमची शेजारीण फरशीवर हिरवं गवत पसरायची, धूप लावायची, मग हिरव्या बिया धुवून लोखंडी तव्यावर भाजायची, आणि काळ्या होऊन धूर निघायला लागला की तो तवा उचलून एकेकाच्या पुढ्यात आणायची. मला पहिल्यांदा कळेचना काय करायचं, बाकीच्या हाताने तो धूर आपल्याकडे ओढत होत्या, मग मी पण आरती घेतो तसे दोन्ही हात फिरवून घेतले, त्या सगळ्या एवढ्या खूश झाल्या की पुढच्या वेळेपासून तवा आधी माझ्याकडे. मग कुटायचं, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या भांड्यात उकळायचं, बिनकानाच्या इवल्या कपात ओतायचं, सोबत लाह्या. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. तिसरी आशीर्वादाची. एक कप पिऊन चला येते म्हणालात तर हळदीकुंकू न घेता उठल्यासारखं होतं. झोपेचं काय होतं विचारू नका.

त्या दुष्काळाबद्दल एवढंच, तो खराच फार वाईट होता, उत्तरेकडे वोलो आणि तिग्रेत, वर यादवी युद्ध चालू होतं. लोक विसरलेले नाहीत. पण चाळीस वर्षांनी पाहुण्याने आल्या आल्या तोच विषय काढला की त्यांचा चेहरा पडतो. नाशिकला कोणी पहिल्यांदा येऊन बाहत्तरच्या दुष्काळात तुमच्याकडे सुकडी वाटायचे ना, असं विचारत बसलं तर तुम्हाला कसं वाटेल?

प्रश्न : मी २७ वर्षांचा, मेंटेनन्स इंजिनिअर. कंपनी सहा आठवडे हवासाच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये मशीन बसवायला पाठवतेय. तिथल्या कोऑर्डिनेटरचा मेसेज आलाय की ड्रायव्हर २ वाजता हॉटेलवर येईल, पण मला बाकीचे म्हणतायत सकाळी निघायचंय. आणि त्याने पाठवलेल्या फॉर्मवर साल २०१८ छापलंय. जुना फॉर्म आहे की टायपो? पैसे आणि सिमचं पण सांगा. (पुणे)

उत्तर : दोन्ही नाही. फॉर्म बरोबर आहे आणि ड्रायव्हर सकाळी ८ वाजता येणार आहे. दुपारी दोनपर्यंत झोपलास तर गेला तो.

नीट ऐक. तिथं दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, उजाडल्यावर सुरू होतो. आपल्या सकाळी ७ ला त्यांचा १ वाजतो, ८ ला २, दुपारी १२ ला ६, आणि संध्याकाळी ७ ला परत १. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बारा महिने सहाच्या आसपासच उगवतो, त्यामुळे हे त्यांच्याकडे बरोबर बसतं, आणि खरं सांगू का, विचार केला तर हेच जास्त शहाणपणाचं वाटतं, आपले प्रहर पण सूर्योदयापासूनच मोजायचे की. सोपी युक्ती म्हणजे घड्याळात समोरासमोरचा आकडा बघायचा, २ च्या समोर ८, ३ च्या समोर ९. विमानाची तिकिटं आपल्या पद्धतीने, पण लोकल बस, ड्रायव्हर, दुकानदार, शाळा त्यांच्या पद्धतीने, आणि ऑफिसात कोण कुठल्या पद्धतीने बोलतंय हे देवाला माहीत, म्हणून प्रत्येक वेळी विचारायचं, फेरेंज की हबेशा? म्हणजे परदेश्यांचा टाइम की इथिओपियातला. मी आमच्या ड्रायव्हरला आठवड्याभराने मोठ्या ऐटीत अम्हारिकमध्ये सांगितलं होतं, उद्या सात वाजता. तो आला दुपारी १ वाजता, एकदम वेळेवर. आदिसमध्ये सकाळी साडेआठची अपॉइंटमेंट होती माझी.

सालाचं असं की त्यांचं कॅलेंडर आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. २०२५च्या ११ सप्टेंबरला तिथं २०१८ लागलं. दुकानात बिस्किटाचा पुडा घेऊन एक्सपायरी २०१७ बघून भांडू नको, मी भांडलेय. महिने तेरा, बारा महिने बरोबर ३० दिवसांचे आणि तेरावा पागुमे ५ किंवा ६ दिवसांचा. आपल्याकडे तेरावा महिना म्हटलं की दुष्काळच आठवतो, तिथल्या टुरिझमवाल्यांनी मात्र तेरा महिने ऊन अशी जाहिरात करून टाकली होती. हे सगळं टिकलं कसं याचं एक कारण म्हणजे बाहेरच्या कोणाला तिथं नीट बस्तान बसवून आपलं घड्याळ लादायला मिळालंच नाही. १८९६ला अदुआच्या लढाईत इटलीच्या फौजेला त्यांनी हरवून परत पाठवलं, नंतर १९३६ ते ४१ इटालियन घुसले पण पाच वर्षांत गेले, मागे माकियातो ही कॉफी आणि निरोप घेताना म्हणायचा चाव हा शब्द ठेवून.

पैसे. चलन बिर. आपले रुपये कोणी घेत नाही, स्वच्छ न मळलेले डॉलर घेऊन जा आणि बँकेतच बदल, रस्त्यावर कोणी जास्त भाव देतो म्हणाला तरी नाही, ते बेकायदेशीर आहे. मित्रांनी दोन-तीन वर्षांपूर्वीचे भाव सांगितले तर ते रद्दीत टाक, जुलै २०२४ मध्ये सरकारने बिर बाजारभावावर सोडला आणि डॉलरला पन्नास-साठ बिरचे दिवस गेले. एटीएम आदिसमध्ये बरीच आहेत, तरी हवासाला निघताना खिशात कॅश असू दे. सिम विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घे, सरकारी इथिओ टेलिकॉम आहे आणि २०२२ पासून सफारीकॉम पण. लोकल लोक टेलेबिर नावाच्या मोबाइल वॉलेटवर चालतात, आपलं यूपीआय तिथं नाही हे पहिल्या चहालाच लक्षात येतं.

अजून एक, आदिसला उंचीमुळे मलेरिया नाही पण हवासा खाली आहे, १,७०० मीटरच्या आसपास, तिथं डास आहेत. गोळ्यांचं डॉक्टरला विचारून जा. आणि रविवारी सकाळी तळ्याकाठच्या मासळीबाजारात जा, माणसाच्या कमरेपेक्षा उंच ते टकले मराबू करकोचे कोळ्यांच्या मागे मागे माशाची आतडी मिळवायला रांग लावून उभे असतात, अगदी सोसायटीच्या मीटिंगला आलेल्या रिटायर्ड मेंबरांसारखे.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. मलिक अंबर इथिओपियाचा होता हे शिकलो. काकांकडे आदिसला जायचा चान्स आहे तर त्याचं जन्मगाव बघता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : अरे वा, हे पत्र वाचून मला खरंच बरं वाटलं. पण जन्मगाव शोधत जाऊ नकोस, सोळाव्या शतकात लहानपणी विकलं गेलेलं पोर ते, मूळ नाव चापू म्हणतात, लाल समुद्र ओलांडून, बगदादवरून दख्खनला आलं, तो कोणत्या झोपडीतून निघाला याची पाटी कोण लावणार. त्यापेक्षा हरारला जा. त्याचं नाव ज्या भागाशी जोडतात तिथलंच हे जुनं तटबंदीचं मुसलमानी शहर, आदिसहून दिरे दावाला विमान आणि तिथून पुढे तासाभराचा रस्ता. २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर तू दारात शिरायचं. संध्याकाळी तटाबाहेर माणसं तरसांना मांसाचे तुकडे भरवतात, काठीच्या टोकाला, कधी तोंडात धरून. मी लांबून बघितलं. ह्यांनी काठी हातात घेतली, फोटो आहे, पण फोटोत ह्यांचे डोळे मिटलेले आहेत.

एक सांभाळ. आपल्याकडे हबशी हा शब्द कसा वापरतात ते तुला माहीत आहे, तो तिथं तोंडातून काढू नको. मूळ तोच, पण ते स्वतःला हबेशा म्हणतात ते अभिमानाने, आणि त्यातही ओरोमो किंवा दक्षिणेकडच्या बऱ्याच लोकांना तो शब्द आपला वाटत नाही. ज्याचं त्याला म्हणू दे.

आणि तू राहतोस तिथं तर अर्धं इथिओपिया आहेच की. १६१०ला खडकी, म्हणजे तुझंच आजचं शहर, वसवली ती अंबरने, पाण्याची नहर त्याची, १६२६ला गेला आणि खुलताबादला कबर आहे. तिथून वेरूळ किती, पाच-सहा किलोमीटर. कैलास लेणं कसं डोंगर वरून खाली खोदत खोदत काढलंय तशीच उत्तर इथिओपियात लालिबेलाला ११ चर्च आहेत, अख्ख्या खडकातून वरून खाली कोरलेली, कैलासच्या चार-पाचशे वर्षांनंतरची. मी पहिल्यांदा कडेला उभी राहून खाली खड्ड्यातलं ते क्रुसाच्या आकाराचं सेंट जॉर्जचं चर्च बघितलं तेव्हा तोंडातून निघालं, अरे हे तर आपलं वेरूळ. गाइडने विचारलं काय म्हणालात, मी त्याला मोबाइलवर कैलासचा फोटो दाखवला, तो बराच वेळ झूम करून छिन्नीच्या खुणा बघत बसला. पण लालिबेलाला जायचं की नाही हे पुढचं उत्तर वाचून ठरव.

प्रश्न : एका शब्दात सांगा, सेफ आहे का? (ठाणे)

उत्तर : एका शब्दात नाही सांगता येत हो. ठाण्याला कोणी विचारलं भारत सेफ आहे का तर एका शब्दात सांगाल? देश तीन महाराष्ट्रांहून मोठा. तिग्रेत २०२० ते २०२२ युद्ध झालं, ते करार होऊन थांबलं. अम्हारा भागात २०२३ पासून सरकार आणि तिथल्या सशस्त्र गटांमध्ये संघर्ष सुरू झाला, आणि लालिबेला, गोंदर ही बघण्यासारखी ठिकाणं नेमकी त्याच भागात. म्हणून निघायच्या आठवड्यात आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचायची, पोचल्यावर आदिसच्या भारतीय दूतावासात नाव नोंदवायचं, आणि रस्त्याने लांब जायच्या आधी तिथं राहणाऱ्या माणसाला विचारायचं, आज हा रस्ता कसा आहे. आज. मागच्या वर्षी नाही.

आदिसमध्ये रोजची भीती वेगळीच. मेरकातो बाजारात आणि पियासाच्या गर्दीत खिसा सांभाळा, फुटपाथवर फोन हातात नाचवू नका. आणि तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात. माझ्या चार वर्षांत मी खरोखर मरता मरता वाचले ते एकदाच, उजवीकडे बघून रस्त्यात पाय टाकला आणि डावीकडून निळी-पांढरी मिनीबस आली, दारात लटकलेला पोऱ्या बोले बोले बोले ओरडत होता, माझ्या नाकासमोरून गेला, ओरडणं थांबवलं नाही त्याने. आत बसल्यावर उतरायचं असेल तर म्हणायचं, वराज आले. म्हणजे उतरणारं माणूस आहे. एवढं आलं की तुम्ही नवखे राहिला नाहीत.

प्रश्न : मी दोन आठवड्यांपूर्वीच आदिसला आलोय, मूळ कोल्हापूरचा. सगळं ठीक आहे पण ऑफिसचे ड्रायव्हर, त्यांना मी आतो (म्हणजे श्रीयुत) आणि नाव असं आदरानेच बोलतो, मी काहीही सांगितलं की दचकल्यासारखा एकदम श्वास आत ओढतात, हाः असा. उत्तर देत नाहीत. काल म्हटलं उद्या लवकर निघूया, परत तेच. मी काही चुकीचं बोलतोय का? माझ्यावर नाराज आहेत का?

उत्तर : अहो ते हो म्हणतायत! तो श्वास म्हणजेच हो. अव् असा शब्द आहे त्यांचा, पण गप्पांच्या ओघात शब्द कोण काढतंय, श्वास आत घेतला की काम झालं. मी पहिल्या महिन्यात भाजीवालीला टोमॅटो ताजे आहेत का विचारलं, तिने एवढ्या जोरात श्वास ओढला की मी टोपली खाली ठेवली, मला वाटलं आत साप बघितला बाईने. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझ्याकडून पण व्हायला लागलं. आता परत येऊन किती वर्षं झाली, परवा सासूबाईंनी विचारलं कुकर लावलास का, आणि मी हाः केलं, तर त्या उठून स्वयंपाकघरात धावल्या.

उद्या लवकर म्हणजे किती वाजता, ते मात्र त्यांना परत विचारून घ्या.